हायबरनेटसाठी पोस्टग्रेसमध्ये टेबलं उभी करताना

हायबरनेट म्हणजे जावाचे क्लास डेटाबेसच्या टेबलांना जोडणारी लायब्ररी, आणि पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस. क्लासवर '@एंटिटी' (हा क्लास टेबलाशी जोडलेला आहे अशी खूण) लिहिलं, सेटिंगमध्ये 'डीडीएल-ऑटो'ला 'अपडेट' दिलं, की हायबरनेट टेबलं आपोआप बनवून देतं. सुरुवातीला हे फार सोयीचं वाटतं. पण खरा डेटा साचायला लागल्यावर त्याच डेटाबेसमध्ये कोणी वापरत नसलेले कॉलम, अगम्य नावांचे कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम) आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसलेल्या फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम) सापडू लागतात, आणि त्यांचा माग काढणं अवघड होऊन बसतं.

म्हणून आमचा आग्रह सरळ आहे. टेबलं एसक्यूएलमध्ये हाताने लिहावीत, मायग्रेशनच्या (डेटाबेसमधले बदल क्रमाने नोंदणाऱ्या) फाइलींतून चढवावीत आणि हायबरनेटकडे फक्त पडताळणी ठेवावी. टेबलाबद्दल जावाची काही गृहीतकं असतात, डेटाबेसचीही असतात. जवळजवळ प्रत्येक बिघाड त्या दोन्हींचा मेळ न बसल्याने होतो, आणि हाताने टेबल लिहिणाऱ्याला ही गृहीतकं समोरासमोर ठेवून पाहावीच लागतात.

उदाहरण सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीचं घेऊ. टेबलं अशी: सभासद, पुस्तक, लेखक, पुस्तक_लेखक, प्रत आणि देवघेव. पुस्तक म्हणजे शीर्षक आणि प्रत म्हणजे कपाटातली प्रत्यक्ष वस्तू. एका पुस्तकाच्या तीन प्रती असू शकतात आणि सभासद घरी नेतो ती प्रत, त्यामुळे ही दोन टेबलं वेगळीच हवीत. साधनं: जावा १७, स्प्रिंग बूट ३, हायबरनेट ६, पोस्टग्रेस १५ किंवा त्यापुढचं आणि फ्लायवे (मायग्रेशनच्या फाइली क्रमाने चालवणारं साधन). कमांड, टेबलं आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलीत ती रोमन लिपीतच लिहायची.

पायरी १: मालक वेगळा, ॲप वेगळं

डेटाबेस यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये तयार करा. त्यात दोन रोल (डेटाबेसची खाती) बनवा: 'ग्रंथालय_मालक' आणि 'ग्रंथालय_ॲप'. टेबलं बनवणं आणि बदलणं मालकाच्या हाती, ॲपला फक्त डेटा वाचण्या-लिहिण्याची मुभा. फ्लायवे मालकाच्या नावाने जोडला जाईल ('स्प्रिंग.फ्लायवे.युजर' आणि 'स्प्रिंग.फ्लायवे.पासवर्ड') आणि चालू ॲप दुसऱ्या रोलने. मग 'डीडीएल-ऑटो' चुकून 'क्रिएट' राहिलं तरी ॲपला टेबल पाडण्याचा हक्कच नसतो.

पोस्टग्रेस १५ पासून 'पब्लिक' स्कीमात (स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) टेबल बनवण्याचा सर्वांना असलेला हक्क काढून घेतलेला आहे. जुनी स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' म्हणत थांबते ती यामुळे. त्यावर 'पब्लिक' पुन्हा मोकळं करू नका. 'ग्रंथालय' नावाचा स्वतंत्र स्कीमा मालकाच्या नावावर बनवा, 'हायबरनेट.डिफॉल्ट_स्कीमा'मध्ये आणि फ्लायवेच्या 'डिफॉल्ट-स्कीमा'मध्ये तेच नाव द्या.

ॲपच्या रोलला चार गोष्टी लागतात: डेटाबेसवर 'कनेक्ट', स्कीमावर 'युसेज', टेबलांवर 'सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट' आणि सीक्वेन्सवर (ओळींना क्रमांक पुरवणारा डेटाबेसमधला मोजक) 'युसेज, सिलेक्ट'. सीक्वेन्सचा हक्क हमखास विसरला जातो. याद्या नीट दिसतात आणि पहिला नवा सभासद नोंदवताना 'परमिशन डिनाइड फॉर सीक्वेन्स' येतं. पुढे बनणाऱ्या टेबलांसाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' वापरा आणि त्यात 'फॉर रोल ग्रंथालय_मालक' नक्की लिहा. हे हक्क त्या विशिष्ट रोलने बनवलेल्या वस्तूंनाच लागू होतात. रोल न लिहिता सुपरयुजरने ही कमांड चालवली, तर मालकाने बनवलेल्या टेबलांवर तिचा काहीच परिणाम होत नाही.

पायरी २: हायबरनेटचे हात बांधा

'स्प्रिंग.जेपीए.हायबरनेट.डीडीएल-ऑटो'ला 'नन', 'व्हॅलिडेट', 'अपडेट', 'क्रिएट' आणि 'क्रिएट-ड्रॉप' ही मूल्यं चालतात. काहीच दिलं नाही, तर स्प्रिंग बूट एच२सारख्या एम्बेडेड (ॲपच्या आतच चालणाऱ्या) डेटाबेसवर 'क्रिएट-ड्रॉप' धरतो, एरवी 'नन'. फ्लायवे किंवा लिक्विबेस (तशाच कामाचं दुसरं साधन) सापडलं, तर एम्बेडेडवरही 'नन'. एवढ्या जर-तरवर विसंबण्यापेक्षा सगळीकडे स्पष्टपणे 'व्हॅलिडेट' लिहा.

'अपडेट'वर आमचा रोख का, तेही सांगायला हवं. ते नवीन टेबल आणि नवीन कॉलम जोडतं. जावातली फील्ड काढली तरी कॉलम तसाच राहतो. फील्डचं नाव बदललं, तर नव्या नावाचा रिकामा कॉलम बनतो आणि डेटा जुन्यातच अडकतो. पाचशे ओळी असलेल्या टेबलात नवा 'नॉट नल' कॉलम जोडायला गेलं, तर पोस्टग्रेस नकार देतो. हायबरनेट ती चूक लॉगमध्ये टाकून पुढे जातं, ॲप सुरू होतं आणि चूक कळते ती त्या कॉलमला हात लागल्यावर.

तरी कच्चा मसुदा हायबरनेटकडून घ्यायला काहीच हरकत नाही. 'जकार्ता.पर्सिस्टन्स.स्कीमा-जनरेशन.स्क्रिप्ट्स.ॲक्शन'ला 'क्रिएट' आणि 'स्क्रिप्ट्स.क्रिएट-टार्गेट'ला फाइलीचं नाव दिलं, की डेटाबेसला न शिवता 'क्रिएट टेबल'च्या ओळी फाइलीत उतरतात. हायबरनेट काय धरून चालतं हे त्यातून दिसतं. ती फाइल जशीच्या तशी चढवू नका, पुढच्या पायऱ्यांप्रमाणे तिच्यावर हात फिरवा.

पायरी ३: नावं

स्प्रिंग बूट जावातल्या उंटाच्या पाठीसारख्या (कॅमल केस, मध्येच मोठं अक्षर असलेल्या) नावांचं अंडरस्कोर असलेल्या लहान अक्षरांत रूपांतर करतो. स्प्रिंगशिवाय चालणारं हायबरनेट नाव आहे तसंच ठेवतं. एकच एंटिटी दोन प्रकल्पांत वापरली, तर एकीकडे चालणारी दुसरीकडे 'मिसिंग कॉलम' म्हणते. '@टेबल' आणि '@कॉलम'मध्ये नाव स्पष्ट लिहिलं की हा घोळ संपतो. 'युजर' आणि 'ऑर्डर' हे पोस्टग्रेसचे राखीव शब्द आहेत, ते टेबलाला देऊ नका. त्यावर उपाय म्हणून 'ग्लोबली_कोटेड_आयडेंटिफायर्स' लावलं, तर सगळी नावं अवतरणांत जातात, लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मोजला जाऊ लागतो आणि हाताने लिहिलेली प्रत्येक क्वेरी त्रास देते.

कन्स्ट्रेंटनाही स्वतः नावं द्या: 'प्रत_बारकोड_यूके', 'देवघेव_प्रत_एफके', 'सभासद_प्रकार_सीके'. हायबरनेटने दिलेलं नाव म्हणजे उपसर्ग आणि त्यापुढे अक्षरांची निरर्थक माळ असते. तुमचं नाव असलं की 'कन्स्ट्रेंट व्हायोलेशन एक्सेप्शन'मधून ते वाचून 'हा बारकोड आधीच नोंदलेला आहे' असा नेमका संदेश काउंटरवरच्या माणसाला दाखवता येतो.

पायरी ४: प्रायमरी की आणि सीक्वेन्स

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. जावात आयडी 'लाँग' असेल, तर कॉलम 'बिगइंट'च हवा. 'सीरियल' वापरलं तर कॉलम चार बाइटांचा 'इंट४' बनतो आणि व्हॅलिडेशन 'बिगइंट' अपेक्षित होता असं सांगून ॲप सुरूच होऊ देत नाही.

आयडी मिळवण्याचे व्यवहारातले मार्ग दोन. 'आयडेंटिटी'मध्ये डेटाबेस ओळ घालताना आकडा ठरवतो. तो आकडा इन्सर्ट झाल्याशिवाय कळत नसल्याने हायबरनेटला अनेक इन्सर्ट एकत्र पाठवता येत नाहीत, 'जेडीबीसी.बॅच_साइझ' कितीही दिलं तरी. 'सीक्वेन्स'मध्ये आकडे आधीच हाती असतात, त्यामुळे बॅचिंग चालतं. जुन्या रजिस्टरातल्या वीस हजार पुस्तकांची नोंद एकदम चढवायची असेल तेव्हा हा फरक ठळक जाणवतो. पोस्टग्रेसवर सीक्वेन्सच घ्या. मायएसक्यूएलमध्ये सीक्वेन्स नाही, तिथे आयडेंटिटीला पर्याय नाही. मारियाडीबीत १०.३ पासून आहे.

आता नेमका सांधा. '@सीक्वेन्सजनरेटर'मध्ये 'ॲलोकेशनसाइझ' दिलं नाही, तर ते ५० असतं. पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट सीक्वेन्स' नुसतं लिहिलं, तर वाढ १ ने होते. दोन्हीकडे एकच आकडा हवा, म्हणून मायग्रेशनमध्ये असं लिहा: 'क्रिएट सीक्वेन्स सभासद_सीक्वेन्स स्टार्ट विथ १ इन्क्रिमेंट बाय ५०'. मेळ नसेल तर हायबरनेट सुरू होतानाच दोन्ही आकडे दाखवून थांबतं. ती तपासणी 'इन्क्रिमेंट_साइझ_मिसमॅच_स्ट्रॅटेजी'ने बंद करता येते, पण करू नका.

का, ते हिशोबाने पाहा. हायबरनेटची 'पूल्ड' पद्धत सीक्वेन्सकडून आलेल्या आकड्याला गटाचा शेवट मानते. सीक्वेन्सने ४५० दिले तर ४०१ ते ४५० हे आयडी आपले, असं ती धरते आणि पुढच्या पन्नास ओळींसाठी डेटाबेसला विचारतच नाही. सीक्वेन्स १ ने वाढत असेल आणि त्याने १२० दिले, तर हायबरनेट ७१ पासून वाटायला लागेल आणि ते आयडी टेबलात आधीच असतील: 'डुप्लिकेट की'. सीक्वेन्सने ३ दिले तर उणे ४६ पासून सुरुवात होईल. टेबलात उणे आयडी दिसले की बहुधा कारण हेच असतं.

जुना डेटा आयात केल्यावरही हाच हिशोब लागतो. सर्वांत मोठा आयडी ४३१२ असेल, तर सीक्वेन्सने पुढे द्यायचा आकडा किमान ४३६२ हवा, म्हणजे गट ४३१३ पासून सुरू होईल. सवयीने 'कमाल अधिक १' वर रीस्टार्ट केलं तर ४३१३ मिळेल, हायबरनेट ४२६४ पासून वाटेल आणि आयात केलेल्या ओळींवर आदळेल. 'ऑल्टर सीक्वेन्स … रीस्टार्ट विथ ४३६२' ही ओळ आयातीच्याच स्क्रिप्टमध्ये शेवटी ठेवा.

ॲप बंद-चालू झालं की गटातले उरलेले आकडे वाया जातात, आयडींमध्ये खंड पडतात. त्यात गैर काही नाही. पण म्हणूनच सभासद क्रमांक किंवा दाखल क्रमांक म्हणून हा आयडी छापू नका. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत क्रमांक सलग लागतो, त्यासाठी स्वतंत्र कॉलम आणि त्यावर 'युनिक' हवा.

हायबरनेट ५ वरून ६ वर येणाऱ्यांसाठी: आधी 'ऑटो' दिल्यावर सगळ्या एंटिटी मिळून 'हायबरनेट_सीक्वेन्स' नावाचा एकच सीक्वेन्स वापरत. सहामध्ये प्रत्येक एंटिटीचा वेगळा सीक्वेन्स अपेक्षित असतो. जुन्या डेटाबेसवर त्यामुळे 'मिसिंग सीक्वेन्स' येतं. नवे सीक्वेन्स वरच्या हिशोबाने बनवा, किंवा 'हायबरनेट.आयडी.डीबी_स्ट्रक्चर_नेमिंग_स्ट्रॅटेजी'ला 'लेगसी' द्या.

पायरी ५: कॉलमांचे प्रकार

'स्ट्रिंग'साठी हायबरनेट 'व्हार्कॅर(२५५)' धरतं. देवनागरी मजकुरासाठी लांबी ठरवताना डेटाबेस काय मोजतो ते पाहा. पोस्टग्रेस युनिकोडचे वर्ण मोजतो, आणि आपली मात्रा, हलन्त हे सुटे वर्ण असतात: 'ज्ञानेश्वर' डोळ्यांना चार अक्षरं दिसली तरी मोजणीत दहा भरतात. ओरॅकलमध्ये 'व्हार्कॅर२' बहुधा बाइट मोजतो आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा, म्हणजे २५५ मध्ये ८५ वर्णच मावतात. इंग्रजी नावांवर चाचणी करून निघालेलं ॲप मराठी शीर्षकावर अडतं ते इथे.

'ऱ' दोन प्रकारे साठू शकतो: एकच वर्ण म्हणून, किंवा 'र' अधिक नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण 'युनिक' कन्स्ट्रेंटला ते वेगळे. जतन करण्याआधी जावाच्या 'नॉर्मलायझर'ने एनएफसी रूपात (युनिकोडच्या एका ठरलेल्या प्रमाण रूपात) आणा. पोस्टग्रेस १३ पासून 'चेक (शीर्षक इज एनएफसी नॉर्मलाइज्ड)' असा पहाराही बसवता येतो, तो लावाच. क्रमवारीसाठी 'शीर्षक' आणि 'आडनाव' या कॉलमांना मराठीची आयसीयू कोलेशन (आयसीयू या युनिकोड लायब्ररीतला क्रमवारीचा नियम) द्या. नुसत्या वर्णक्रमांकाने लावलं तर 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो, वर्णमालेप्रमाणे 'ह'नंतर नाही. कोलेशन दिल्यावर ळ, क्ष आणि ज्ञ यांनी सुरू होणारी किंवा ती अक्षरं पोटात असलेली पंधरा-वीस नावं टाकून क्रम एकदा डोळ्यांनी तपासा.

लांब मजकुरासाठी (पुस्तकाचा परिचय वगैरे) 'टेक्स्ट' कॉलम ठेवा आणि जावात साधी 'स्ट्रिंग'. त्यावर '@लॉब' लावू नका. पोस्टग्रेसवर '@लॉब' म्हटलं की हायबरनेट 'ओआयडी' प्रकार धरतं, मजकूर वेगळ्या लार्ज ऑब्जेक्टमध्ये जातो आणि टेबलात नुसता आकडा दिसतो.

आयएसबीएनला 'कॅर(१३)' देण्याचा मोह होतो. तसं केलं तर व्हॅलिडेशन 'बीपीकॅर' सापडल्याची तक्रार करतं. 'व्हार्कॅर(१३)' घ्या. आकड्याचा प्रकार नकोच, कारण जुन्या दहा अंकी आयएसबीएनच्या शेवटी 'एक्स' असू शकतो. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, म्हणून कॉलम 'नल' चालणारा आणि 'युनिक' ठेवा. पोस्टग्रेस अनेक 'नल' चालवून घेतो. मात्र फॉर्ममधून रिकामी स्ट्रिंग आली तर ती 'नल' नव्हे, आणि आयएसबीएन नसलेलं दुसरं पुस्तक अडेल. रिकाम्या स्ट्रिंगचं 'नल' जावातच करून घ्या.

पैशांसाठी 'बिगडेसिमल' आणि 'न्यूमेरिक(१०,२)'. 'डबल' नको: ०.१ आणि ०.२ ची बेरीज त्यात ०.३ भरत नाही आणि अनामत रकमेचा ताळेबंद पैशांनी चुकतो.

तारखांमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. घटनेचा नेमका क्षण असेल तर 'इन्स्टंट' आणि 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन'. नुसता दिवस असेल, जसं परतीची मुदत, तर 'लोकलडेट' आणि 'डेट'. 'लोकलडेटटाइम' टाळा. सर्व्हर यूटीसीवर आणि लॅपटॉप भारतीय वेळेवर असला की त्याच नोंदीत साडेपाच तासांचा फरक दिसतो. 'हायबरनेट.जेडीबीसी.टाइम_झोन'ला यूटीसी द्या, आणि 'आज' ही तारीख काढताना 'एशिया/कोलकाता' झोन स्पष्ट सांगा. नाहीतर यूटीसीवरच्या सर्व्हरवर पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख मिळते आणि रात्री चालणारी मुदतीची व दंडाची मोजणी एका दिवसाने चुकते.

ठरावीक मूल्यांच्या यादीवर (एनम) '@एन्युमरेटेड' नुसतं लिहिलं तर मूल्याचा यादीतला क्रमांक साठतो. 'सभासद प्रकार' या यादीत कोणी मध्येच 'बाल' हा प्रकार घुसवला की मागच्या सगळ्या ओळींचा अर्थ सरकतो, आणि चूक कुठेच दिसत नाही. 'एन्युमटाइप.स्ट्रिंग' घ्या, कॉलम 'व्हार्कॅर(२०)' ठेवा आणि परवानगी असलेली मूल्यं 'चेक'मध्ये लिहा. नवं मूल्य आणताना आधी 'चेक' बदलणारं मायग्रेशन, मग जावा. मायएसक्यूएलवर हायबरनेट ६.२ पासून अशा फील्डसाठी डेटाबेसचा 'एनम' प्रकार अपेक्षित धरला जातो, तिथे '@जेडीबीसीटाइपकोड'ने 'व्हार्कॅर' सांगावं लागतं.

पायरी ६: नल, डिफॉल्ट आणि व्हर्जन

टेबलात 'डिफॉल्ट' लिहिलं म्हणजे काम झालं, हा समज हायबरनेटजवळ टिकत नाही. ते इन्सर्टमध्ये सगळे कॉलम पाठवतं. फील्ड रिकामी असेल तर स्पष्ट 'नल' जातो, आणि 'नल' दिल्यावर डेटाबेस डिफॉल्ट वापरत नाही. 'नॉट नल डिफॉल्ट करंट_डेट' असलेला कॉलमही मग 'नॉट नल' मोडल्याची चूक देतो. मूल्य जावातच भरा, नाहीतर एंटिटीवर '@डायनॅमिकइन्सर्ट' लावा. '@कॉलमडिफॉल्ट'चा इथे उपयोग नाही, ते फक्त टेबल बनवतानाच्या एसक्यूएलवर परिणाम करतं.

उलट बाजू: जावात 'इंट' किंवा 'बूलियन' हे मूळ प्रकार असतील आणि कॉलममध्ये 'नल' असेल, तर ओळ वाचतानाच चूक येते. 'नल' शक्य असेल तिथे 'इंटिजर', नसेल तिथे टेबलात 'नॉट नल'.

दोन ग्रंथपाल एकाच वेळी एकच नोंद बदलतात तिथे '@व्हर्जन' (मध्येच कोणी ओळ बदलली का, हे ओळखणारा आकडा) हवं. कॉलम असा: 'व्हर्जन बिगइंट नॉट नल डिफॉल्ट ०'. इथे डिफॉल्ट लागतो तो आयात केलेल्या आणि आधीपासून असलेल्या ओळींसाठी. व्हर्जन 'नल' असलेली ओळ हायबरनेटला नवीच वाटू शकते आणि बदलाच्या जागी इन्सर्टचा प्रयत्न होतो.

पायरी ७: नाती

फॉरेन की ज्या टेबलात असते, तीच नात्याची मालक बाजू. 'प्रत' टेबलात 'पुस्तक_आयडी' आहे, म्हणून 'प्रत' क्लासात '@मेनीटूवन' आणि 'पुस्तक' क्लासात '@वनटूमेनी(मॅप्डबाय…)'. 'मॅप्डबाय' विसरलं तर हायबरनेटला वाटतं की हे नातं जोडणारं आणखी एक टेबल आहे, आणि व्हॅलिडेशन कधी न ऐकलेल्या 'पुस्तक_प्रती' टेबलाची मागणी करतं. ही चूक दिसली की टेबल बनवू नका, 'मॅप्डबाय' लिहा. '@मेनीटूवन' मुळात 'ईगर' (जोडलेली ओळ लगेच वाचणारं) असतं, त्याला 'लेझी' (लागेल तेव्हाच वाचणारं) करा.

पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमवर आपोआप इंडेक्स बनवत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी बनवतं, त्यामुळे तिकडून येणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. 'देवघेव'मध्ये लाखभर ओळी झाल्या की एक सभासद काढून टाकताना पोस्टग्रेस ते अख्खं टेबल चाळतो. 'देवघेव(सभासद_आयडी)', 'देवघेव(प्रत_आयडी)' आणि 'प्रत(पुस्तक_आयडी)' यांवर इंडेक्स पहिल्याच मायग्रेशनमध्ये लिहा.

'पुस्तक_लेखक'ची प्रायमरी की दोन्ही आयडी मिळून. शिवाय 'लेखक_आयडी'वर वेगळा इंडेक्स, कारण 'या लेखकाची पुस्तकं' शोधताना जोड की उलट्या दिशेने कामाला येत नाही. जावात इथे 'सेट' घ्या. 'लिस्ट' घेतली तर एक लेखक वगळताना हायबरनेट त्या पुस्तकाच्या सगळ्या ओळी पुसतं आणि उरलेल्या पुन्हा घालतं. लेखकांचा क्रम महत्त्वाचा असेल, किंवा संपादक, अनुवादक अशी भूमिका नोंदवायची असेल, तर या टेबलाची स्वतंत्र एंटिटीच करा.

पायरी ८: नियम डेटाबेसात, आणि त्याची हायबरनेटशी गाठ

एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे असते. हा ग्रंथालयाचा गाभ्याचा नियम, आणि तो जावात तपासून पुरत नाही. दोन काउंटरवरून एकाच क्षणी नोंद झाली तर दोघांनाही प्रत मोकळी दिसते. पोस्टग्रेसमध्ये अर्धा (पार्शल) इंडेक्स, म्हणजे ठरावीक ओळींपुरताच इंडेक्स, लिहा: 'क्रिएट युनिक इंडेक्स देवघेव_चालू_यूके ऑन देवघेव(प्रत_आयडी) व्हेअर परत_दिनांक इज नल'. परत आलेल्या नोंदी कितीही असोत, बाहेर असलेली नोंद एकच राहील. शिवाय 'चेक (परत_दिनांक >= दिल्याचा_दिनांक)'.

आता सभासदाने प्रत परत केली आणि लगेच दुसऱ्याने नेली, दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. कोडमध्ये आधी परतीची तारीख लिहिली, मग नवी देवघेव जतन केली. तरीही 'डुप्लिकेट की' येते. कारण फ्लश करताना (साठलेले बदल डेटाबेसकडे पाठवताना) हायबरनेट कोडचा क्रम पाळत नाही: आधी इन्सर्ट, मग अपडेट, एंटिटी पुसण्याचं काम सर्वांत शेवटी. नवी ओळ जाते तेव्हा जुनीचा 'परत_दिनांक' अजून 'नल'च असतो. परतीची नोंद केल्यावर 'फ्लश' बोलवा, मग नवी देवघेव जतन करा. जुनी ओळ पुसून त्याच बारकोडची नवी घालतानाही हेच घडतं, आणि तिथे पुसण्याऐवजी तीच ओळ बदलणं बरं. पूर्ण 'युनिक' कन्स्ट्रेंट 'डिफरेबल इनिशियली डिफर्ड' करून तपासणी कमिटपर्यंत पुढे ढकलता येते. अर्ध्या युनिक इंडेक्सला ती सोय नाही.

पायरी ९: मायग्रेशनच्या फाइली

'रिसोर्सेस'मधल्या 'डीबी/मायग्रेशन' फोल्डरमध्ये फाइली ठेवा. नावाची घडण: मोठं 'व्ही', आकडा, दोन अंडरस्कोर, मग वर्णन. एकच अंडरस्कोर दिला तर फ्लायवे ती फाइल तुम्हाला हवी तशी ओळखत नाही. फ्लायवे १० पासून पोस्टग्रेससाठी वेगळं मॉड्यूल जोडावं लागतं, नाहीतर 'अनसपोर्टेड डेटाबेस' येतं.

पहिल्या फाइलीत क्रम असा: सीक्वेन्स, मग ज्यांना कोणावर अवलंबून राहावं लागत नाही ती टेबलं (सभासद, लेखक, पुस्तक), मग प्रत आणि पुस्तक_लेखक, शेवटी देवघेव, त्यानंतर इंडेक्स. एकदा चढलेली फाइल पुन्हा उघडू नका. फ्लायवे तिचा चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) 'फ्लायवे_स्कीमा_हिस्टरी'त ठेवतो, आणि एक टिप्पणी बदलली तरी पुढच्या वेळी ॲप थांबतं. चूक सुधारायची ती पुढच्या क्रमांकाच्या फाइलीत.

पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवणंही ट्रान्झॅक्शनमध्ये होतं, म्हणून फाइल मध्येच फसली तर सगळं मागे फिरतं. मायएसक्यूएलमध्ये तसं नाही, अर्धी टेबलं बनून राहतात आणि हाताने आवरावी लागतात. तिथे एका फाइलीत एकच बदल ठेवा. पोस्टग्रेसवर अपवाद 'क्रिएट इंडेक्स कंकरंटली'चा. ती ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, तिला स्वतंत्र फाइल द्या.

चालू टेबलात 'नॉट नल' कॉलम जोडताना तीन पायऱ्या: 'नल' चालणारा कॉलम जोडा, जुन्या ओळी भरा, मग 'सेट नॉट नल'. सगळ्यांना एकच स्थिर मूल्य चालत असेल तर पोस्टग्रेस ११ पासून डिफॉल्टसह थेट जोडता येतो, टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. कॉलमचं नाव बदलताना जुनं आणि नवं ॲप काही काळ एकत्र चालणार असेल, तर 'रीनेम' करू नका. नवा कॉलम जोडा, दोन्हीत लिहा, डेटा हलवा, वाचन नव्यावर आणा आणि जुना कॉलम त्यानंतरच्या रिलीजमध्ये काढा.

पायरी १०: पडताळणी, आणि ती काय पाहत नाही

हायबरनेट ६ चं 'व्हॅलिडेट' टेबल आहे का, कॉलम आहे का, प्रकार जुळतो का आणि सीक्वेन्सची वाढ बरोबर आहे का, एवढंच पाहतं. कॉलमची लांबी, 'नॉट नल', फॉरेन की, इंडेक्स, 'चेक', कोलेशन यांकडे ते पाहत नाही. जावात १०० आणि टेबलात ६० लांबी असली तरी ॲप सुरू होईल आणि एकसष्टाव्या वर्णावर अडेल.

त्यासाठी चाचणी खऱ्या पोस्टग्रेसवर घ्या. टेस्टकंटेनर्सने डॉकरमध्ये प्रॉडक्शनच्याच मुख्य आवृत्तीचा सर्व्हर उभा करा, त्यावर फ्लायवेच्या फाइली चढवा, मग 'व्हॅलिडेट'सह ॲप सुरू करा. एच२ वर हिरवी झालेली चाचणी इथे पुरेशी नाही: पोस्टग्रेससारखी कॉलमवार मराठी कोलेशन आणि अर्धा इंडेक्स तिथे नाहीत. किमान चार चाचण्या लिहा. कमाल लांबीचं देवनागरी शीर्षक जतन होऊन तसंच परत वाचता येतं. शंभर सभासद एका ट्रान्झॅक्शनमध्ये घातले की आयडी धन आणि वेगवेगळे येतात. बाहेर असलेली प्रत पुन्हा देताना 'देवघेव_चालू_यूके' हेच नाव चुकीत मिळतं. आणि परत करून लगेच दुसऱ्याला दिलेली प्रत विनातक्रार नोंदली जाते.

प्रत्यक्ष जाणारं एसक्यूएल पाहण्यासाठी 'ओआरजी.हायबरनेट.एसक्यूएल' हा लॉगर 'डीबग'वर आणि 'ओआरजी.हायबरनेट.ओआरएम.जेडीबीसी.बाइंड' हा 'ट्रेस'वर ठेवा. हायबरनेट ५ मध्ये दुसऱ्याचं नाव वेगळं होतं, त्यामुळे जुनी लॉग सेटिंग आणली तर मूल्यं दिसत नाहीत. बाइंड लॉगमध्ये सभासदांची नावं आणि पत्ते उतरतात, म्हणून तो प्रॉडक्शनवर चालू ठेवू नका.